पडणाऱ्या वस्तूंची उलटतपासणी



सहावी ते आठवीच्या मुलांना गुरुत्वाकर्षण प्रत्यक्ष कृतींमधून कसे शिकवावे, हा आजचा विषय आहे. एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत इतका वर्गातला, खडू-फळ्याचा विषय निवडण्यामागे कारण आहे. विजेचा परिपथ, भिंगातून वाकणारा प्रकाश, लिटमसचा बदलणारा रंग या गोष्टी बहुतेक मुलांना शाळेतच पहिल्यांदा भेटतात. गुरुत्वाकर्षणाचे तसे नाही. बारा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ते बारा वर्षे पडत, धडपडत, दगड भिरकावत, चेंडू झेलत, पाण्याने भरलेली बादली उचलत आलेले असते. त्याच्या हातापायांना या विषयाचा अनुभव कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त असतो. म्हणून ‘मुलांना अनुभव द्या’ हा एरवी चांगला असलेला सल्ला इथे अपुरा पडतो. अनुभव भरपूर आहे. अडचण अशी की त्याच अनुभवातून काही चुकीचे निष्कर्ष घट्ट झालेले आहेत. माझे प्रतिपादन एका वाक्यात सांगतो: गुरुत्वाकर्षण शिकवताना कृतीचे काम मुलांजवळ आधीच असलेल्या अनुभवाची उलटतपासणी करणे हे आहे. साक्षीदार प्रामाणिक आहे. मात्र पाहिलेल्याचा अर्थ त्याने घाईने लावलेला आहे, आणि तो त्याच्याच तोंडून दुरुस्त व्हायचा असेल तर नेमके प्रश्न विचारावे लागतात.

हे घाईचे निष्कर्ष कोणते, याचा शोध गेल्या अर्धशतकात शिक्षणाच्या संशोधकांनी चिकाटीने घेतला आहे. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते; वर फेकलेल्या चेंडूत हाताचा जोर साठून राहतो आणि तो संपला की चेंडू खाली येतो; जिथे हवा नाही तिथे गुरुत्वाकर्षणही नाही, म्हणून चंद्रावर वस्तू तरंगतात; ही उत्तरे देशोदेशीच्या वर्गांत पुन्हा पुन्हा मिळाली. इंग्लंडमधील रोझलिंड ड्रायव्हर यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात मूल वर्गात कोरी पाटी घेऊन येत नाही, स्वतःचे सिद्धांत घेऊन येते, हे सविस्तर मांडले. स्टेला व्होस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील मुलांच्या मनातील पृथ्वीची चित्रे तपासली. पृथ्वी गोल आहे असे सांगणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या मनात ती थाळीसारखी होती, किंवा माणसे त्या गोलाच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. पुढे १९९६ मध्ये हैदराबादच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पृथ्वीला खालून पाण्याने आधार दिला आहे असे मानणारी मुले आढळली. शब्द बरोबर आणि चित्र चुकीचे, अशी ही अवस्था आहे. ती तोंडी प्रश्नोत्तरांत दिसत नाही आणि गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नांत तर मुळीच दिसत नाही.

या निष्कर्षांना अज्ञान म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. नारळ धप्पकन पडतो आणि झावळीचे सुकलेले पान डुलत उतरते, हे कोकणातले कोणतेही मूल शपथेवर सांगेल आणि ते खरेच असेल. आपण हवेच्या तळाशी राहतो, त्यामुळे पडण्याच्या प्रत्येक घटनेत हवेचा हात असतो आणि तो दिसत नाही. अरिस्टॉटलने याच जगाकडे पाहून जड वस्तू वेगाने पडतात असे म्हटले, आणि ते मत जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. आपल्या वर्गातील मुलगी तेच म्हणत असेल तर ती एका जुन्या आणि विचारी परंपरेत बसली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नुसते दाखवल्याने हे मत बदलत नाही. ऑस्ट्रेलियात रिचर्ड गनस्टोन आणि रिचर्ड व्हाइट यांनी १९८१ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना साधे प्रसंग दाखवून आधी अंदाज विचारला, मग निरीक्षण लिहायला सांगितले. काहींचे निरीक्षण समोर घडलेल्यापेक्षा त्यांच्या अंदाजाशी जुळणारे निघाले. शाळेत भौतिकी शिकून आलेल्या तरुणांची ही स्थिती असेल, तर शिक्षकाने टेबलावर उभे राहून दोन वस्तू सोडल्या आणि ‘पाहिलेत ना, एकदम पडल्या’ असे म्हटले, तर सातवीच्या वर्गाने काय पाहिले असेल याचा भरवसा कोण देणार?

यातून कृतीचा क्रम ठरतो, आणि माझ्या मते हा क्रम साहित्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचे कारण वहीत लिहायचे. मग कृती करायची. मग अंदाज आणि घटना यांचा मेळ बसवायचा. लिहून ठेवलेला अंदाज मागे घेता येत नाही, म्हणून तो विचार करायला लावतो. सर्वांत साधी कृती घ्या. एक पुस्तक आणि त्याहून थोडा लहान कागद. दोन्ही शेजारी शेजारी सोडले तर कागद रेंगाळतो; सगळ्यांचा अंदाज बरोबर येतो आणि वर्ग खूश होतो. कागद पुस्तकाखाली धरून सोडला तर दोन्ही सोबत येतात. पुस्तकाने ढकलले, असे मुले सांगतात. आता कागद पुस्तकावर ठेवायचा. अंदाज लिहायला सांगितला की इथे वर्ग फुटतो. कागद मागे राहील, असे बरेच जण लिहितात. प्रत्यक्षात तो पुस्तकाला चिकटल्यासारखा खाली येतो. यावर एखादा विद्यार्थी म्हणेल की पुस्तकाच्या मागे हवेचा ओढा तयार झाला आणि त्याने कागद खेचला. ही शंका उत्तम आहे, तिला दाबू नये. तिचे उत्तर पुढच्या कृतीत आहे: तोच कागद चुरगळून त्याचा गोळा करा आणि पुस्तकापासून हातभर दूर सोडा. वजन तेवढेच, पुस्तकाचा ओढा नाही, आणि तरीही तो जवळपास पुस्तकासोबत पोचतो. पाच मिनिटांत वजन आणि हवेचा अडथळा या दोन गोष्टी मुलांनी स्वतः वेगळ्या केलेल्या असतात.

दीड मीटर उंचीवरून वस्तू जमिनीवर यायला सुमारे ०.५५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात डोळ्याने निवाडा करणे कठीण असते, आणि मनात ठरलेले उत्तर असेल तर डोळा त्याच बाजूने झुकतो. स्टॉपवॉचही उपयोगी पडत नाही, कारण बटण दाबायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. इथे विज्ञानाचा इतिहास शिक्षकाच्या मदतीला येतो. डच अभियंता सायमन स्टेव्हिन याने आपला मित्र यान कॉर्नेट्स द ग्रोट याच्यासह शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, सुमारे ३० फुटांवरून फळीवर सोडले आणि १५८६ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याने निवाडा डोळ्यावर सोपवला नाही. दोन्ही गोळ्यांचा आवाज एकच वाटला, ही त्याची साक्ष होती. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. ती गॅलिलिओच्या विव्हियानी या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून आली आणि ती तशी घडली का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. स्टेव्हिनचा प्रयोग मात्र त्याने स्वतः नोंदवलेला आहे आणि वर्गात सोप्या रूपात करता येतो. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या, एक पाण्याने काठोकाठ भरलेली, दुसरी पावभर भरलेली. मुलांनी डोळे मिटायचे, बाटल्या वाळूच्या पोत्यावर सोडायच्या, आणि आवाज एक आला की दोन, एवढेच सांगायचे.

कानाची ही पारख आणखी पुढे नेता येते. गॅलिलिओने पडणे मोजता येईना म्हणून ते मंद केले. उतरत्या खाचेतून गोळा घरंगळत सोडला. १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याने वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजल्याचे लिहिले आहे. इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी त्याच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून १९७५ मध्ये असे मांडले की आधीच्या प्रयोगांत त्याने उतारावर तारेसारखे अडथळे बसवून गोळ्याचे ठोके तालात येईपर्यंत ते सरकवले असावेत. गॅलिलिओचे वडील संगीतज्ञ होते, तेव्हा हा तर्क ओढूनताणून केलेला वाटत नाही. वर्गासाठी याचे सोपे रूप असे: चार मीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधायचे, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दोरा असा धरायचा की सर्वांत खालचा नट जमिनीवरच्या पत्र्याला टेकेल, आणि दोरा सोडायचा. नट एकेक मीटर अंतरावर बांधले असतील तर ठोके घाईघाईने जवळ येत जातात. मग प्रश्न टाकायचा: ठोके समान लयीत यावेत यासाठी नट कुठे सरकवाल? मुले करून पाहतात, चुकतात, वरचे नट आणखी दूर नेतात. शेवटी पत्र्यापासून २५, १००, २२५ आणि ४०० सेंटिमीटर या अंतरांवर ठोके बरोबर लयीत पडतात, सेकंदाला चाराहून थोडे अधिक. एक, चार, नऊ, सोळा हे वर्गसंख्यांचे नाते मुलांनी सूत्र पाहण्याआधी ऐकलेले असते. लेझमीच्या ठेक्यात पाऊल चुकलेले ज्या मुलांना तत्काळ कळते, त्यांचा कान या कामाला पुरेसा तयार आहे.

इथे अनुभवी शिक्षकांचा पहिला आक्षेप येतो: वर्गात प्रयोग फसतात. दुसरी बाटली रिकामीच घेतली तर ती भरलेल्या बाटलीच्या किंचित मागे राहते, दोन ठोके ऐकू येतात, आणि ‘सर, जडच आधी पडली’ असा गलका होतो. मग पुस्तकाची अब्रू राखायला शिक्षक प्रयोग गुंडाळतो. माझे म्हणणे असे की हाच क्षण सर्वांत मोलाचा आहे, आणि त्यालाही गॅलिलिओचा आधार आहे. उंचावरून सोडलेला जड गोळा हलक्यापेक्षा दोन बोटे पुढे असतो, हे त्याने आपल्या ग्रंथातील संवादात उघड मान्य केले. त्याचा मुद्दा प्रमाणाचा होता: वजन शंभरपट असेल तर अरिस्टॉटलच्या मते फरक प्रचंड पडायला हवा, आणि पडतो तो बोटभर. मुलांना हाच हिशेब विचारावा. भरलेली बाटली रिकामीच्या तीस-चाळीसपट जड आहे. ती तीस-चाळीसपट लवकर पोचली का? नाही तर उरलेला थोडासा फरक कशामुळे? पावभर पाणी भरताच फरक नाहीसा का होतो? त्याच वेळी गॅलिलिओचा दुसरा युक्तिवादही मांडता येतो: दोन सारख्या बाटल्या एकमेकींना बांधल्या तर वजन दुप्पट झाले, मग त्या दुप्पट वेगाने पडतील का? मुले अंदाज लिहितात, बांधतात, सोडतात. आठवीत गेल्यावर कारणही सांगता येते: पृथ्वी जड वस्तूला जास्त ओढते हे खरे, पण तिला हलवणेही त्याच प्रमाणात कठीण असते.

हवा आणि गुरुत्वाकर्षण यांची मनातली सांगड सोडवणे त्याहून अवघड आहे. अंतराळवीर तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नाही, हे उत्तर २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते तेव्हा घराघरांत ऐकू आले असेल. ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ८९ टक्के असते. मग तरंगणे कसले? या प्रश्नासाठी प्लास्टिकची बाटली आणि एक खिळा पुरतो. बुडाशी भोक पाडून बाटली भरली, झाकण काढले की धार लागते. बाटली उंचावरून सोडली तर पडताना धार राहील का? ती थांबते, हे पाहून मुले चकित होतात. खरी कसोटी त्यानंतरची आहे. तीच बाटली वर फेकली तर चढताना धार लागेल का? बहुतेक जण ‘हो’ लिहितात, कारण वर जाणे आणि पडणे या त्यांच्या मनात विरुद्ध गोष्टी आहेत. हातातून सुटल्या क्षणापासून चढतानाही धार बंदच असते. बाटली आणि पाणी दोघांचा वेग एकाच प्रमाणात बदलत असतो, म्हणून पाणी बाटलीला दाबत नाही. स्थानक आणि त्यातील माणसे अशीच सोबत पडत आहेत, हे वाक्य या कृतीनंतर सांगितले तर त्याला अर्थ येतो. चंद्राचा प्रश्नही असाच सुटतो. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले आणि ती दोन्ही सोबत जमिनीला लागली. वर्गात आधी वाद झालेला असेल तर ही चित्रफीत निकालासारखी येते: हवा नाही, तरीही पडणे आहे.

चित्रफितीचा उल्लेख आला, तर आजचा एक जोरदार आक्षेपही घेऊ. मोबाइलवर हजारो उत्तम चित्रफिती आणि संगणकावरील आभासी प्रयोग असताना बाटल्या आणि नट कशाला? आभासी प्रयोगाला त्याची जागा आहे. चंद्र वर्गात आणता येत नाही, आणि मंदगती चित्रणाने पडणाऱ्या चेंडूचा प्रत्येक टप्पा मोजता येतो. मात्र पडद्यावरच्या जगाचे नियम कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असतात. मूल तिथे त्या नियमांना मान देते, स्वतःच्या डोळ्याकानांची परीक्षा घेत नाही. चुकलेल्या अनुभवाची दुरुस्ती अनुभवाच्याच पातळीवर झाली पाहिजे. दुसरीकडे, प्रत्येक हाताळण्याची कृती चांगली असते असेही नाही. ताणलेल्या कापडावर जड गोळा ठेवून भोवती गोट्या फिरवायच्या आणि अवकाश असे वाकते म्हणून सांगायचे, हे प्रात्यक्षिक आता अनेक विज्ञान प्रदर्शनांत दिसते. आइन्स्टाइनचा सिद्धांत मुलांना लवकर भेटावा, या इच्छेबद्दल मला आदर आहे. परंतु त्या कापडावर गोटी खळग्याकडे जाते ती पृथ्वीच्याच ओढीने. जी गोष्ट समजावायची तीच तिथे गुपचूप कामाला लावलेली असते, आणि या वयाच्या मुलाजवळ ती ओळखण्याचे साधन नसते. तिथे अंदाज पणाला लागत नाही, काही खोटे ठरण्याची शक्यता नसते. अशा कृतीने हात गुंततात आणि समजुतीला धक्का लागत नाही.

कृतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. पॉल किर्श्नर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये एका गाजलेल्या लेखात असा युक्तिवाद केला की नवशिक्यांना मार्गदर्शनाविना शोध लावायला सोडून देणे परिणामकारक ठरत नाही. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. नट कितीही वेळा पाडले तरी त्यातून विश्वव्यापी गुरुत्वाकर्षणाचा नियम बाहेर पडत नाही. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते, हे तर हाताला कधीच जाणवणार नाही: ४० किलो वजनाची दोन मुले एकमेकांपासून मीटरभर अंतरावर उभी असतील तर त्यांच्यातील ओढ एक मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या वजनाएवढी असते. ती ओढ हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांनी आणि पीळ खाणाऱ्या तारेने मोजली. ती हकिकत सांगावी लागते. चंद्राचेही तसेच. पृथ्वीवर वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या ६० पट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल तर चंद्राने सेकंदात ४.९ भागिले ३६००, म्हणजे सुमारे १.३६ मिलिमीटर पडायला हवे. चंद्राच्या कक्षेवरून हिशेब केला तर तो सेकंदाला साधारण एक किलोमीटर पुढे जाताना सरळ रेषेपासून तेवढाच वळतो. हा भागाकार आठवीच्या विद्यार्थ्याला करता येतो, पण तो करण्याची कल्पना शिक्षकानेच द्यायची आहे. मी सुचवतो त्या पद्धतीत शिक्षक प्रश्न निवडतो, क्रम ठरवतो आणि योग्य वेळी सांगतोही. त्याने फक्त उत्तर प्रश्नाच्या आधी सांगू नये.

पृथ्वीच्या ‘खालच्या’ बाजूची माणसे पडत का नाहीत, हा प्रश्न हाताने नव्हे, पेन्सिलीने सोडवायचा आहे. पृथ्वीगोलाचे चित्र काढून त्यावर चार ठिकाणी उभी माणसे काढायची, प्रत्येकाच्या हातात अर्धी भरलेली बाटली द्यायची आणि बाटलीतल्या पाण्याची पातळी व सुटलेल्या दगडाची वाट काढायला सांगायची. गोलाच्या तळाशी पाणी बाटलीच्या झाकणाकडे काढणारी मुले हमखास निघतात, आणि मग ‘खाली’ म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न वर्गासमोर येतो. महाराष्ट्रातील शिक्षकाला इथे एक जवळचा आधार आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. न्यूटनच्या आधी कोण, या वादात मात्र त्यांचे खरे देणे झाकले जाते. त्यांच्याकडे न्यूटनचा गणिती नियम नव्हता; त्यांच्याकडे युक्तिवाद होता. पृथ्वीला कुणाचा आधार असेल तर त्या आधाराला कुणाचा, असे विचारत त्यांनी आधाराची कल्पनाच निकालात काढली. आणि प्रत्येक ठिकाणचा माणूस पृथ्वी आपल्या पायाखाली आहे असेच समजतो, हे दाखवून दिले. हैदराबादच्या ज्या मुलांनी पृथ्वीला पाण्याचा आधार दिला, त्यांना विचारायचा प्रश्न आठशे वर्षांहून आधी तयार आहे: मग पाण्याला आधार कशाचा? चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या परंपरेचा मान राखायचा तर तिचा प्रश्न वर्गात आणावा.

आता व्यवहाराचे आक्षेप. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात पन्नास-साठ मुले, पुढे घटक चाचणी. वेळ कुठून आणायचा? वेळ आपण आताही खर्च करतो. बालभारतीच्या गेल्या काही वर्षांच्या पुस्तकांत सहावीला बलाच्या प्रकारांत गुरुत्वीय बल भेटते आणि दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा असतो. सहावीत व्याख्या पाठ होते, दहावीत सूत्र पाठ होते, आणि मधल्या वर्षांत जड वस्तू लवकर पडते हा विश्वास जागचा हलत नाही. त्या विश्वासावर सूत्र चढवणे हा वेळेचा मोठा अपव्यय आहे. कागद-पुस्तकाला पाच मिनिटे, बाटल्यांना दहा, भोक पाडलेल्या बाटलीला दहा; तीन वर्षांत मिळून सहा-सात तास पुरतील. साहित्याचा आक्षेप तर अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे काम करून, कायमचा निकालात काढला आहे.

तरीही या पद्धती रुजत का नाहीत? याचे उत्तर होशंगाबादने दिले. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्याच्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी त्याला साथ दिली. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. तो सरकारी शाळांत, साध्या साहित्यावर चालला. तीन गोष्टींनी तो उभा राहिला: शिक्षकांचे नियमित प्रशिक्षण, वर्गातील अडचणींवर बोलायला त्यांच्या मासिक बैठका, आणि पुस्तक जवळ ठेवून द्यायची लेखी परीक्षा व तिच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे चाललेल्या गोष्टीला अव्यवहार्य म्हणता येत नाही. त्यापासून शिकायचे ते हे की खोक्यात साहित्य पाठवून काही होत नाही. फसलेल्या प्रयोगानंतर शिक्षकाच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे लागते, आणि परीक्षेने तेच मागावे लागते जे वर्गात केले.

म्हणून माझी मागणी परीक्षेपासून सुरू होते. वस्तुमान आणि वजन यांतील फरक लिहा, या प्रश्नाच्या जोडीला एक नवा प्रश्न द्या: न पाहिलेला एखादा साधा प्रसंग, त्यात काय घडेल याचा अंदाज, त्याचे कारण, आणि तो अंदाज चुकला असेल तर ते कशावरून कळेल. शेवटच्या भागाला सर्वांत जास्त गुण द्या. केंद्रशाळेच्या मासिक बैठकीत एक तास फसलेल्या कृतींसाठी राखून ठेवा. आणि पाठ्यपुस्तकांत कृतीचा निष्कर्ष तिच्या खालच्याच ओळीत छापू नका. तो पुढच्या प्रकरणापर्यंत थांबू शकतो. एवढे झाले तर शिक्षक उरलेले आपोआप करतील, कारण मुले प्रश्न विचारू लागली की त्यांना थांबवणे कठीण असते. आपल्याला पक्की वाटणारी गोष्ट कशाने खोटी ठरेल हे आधी सांगणे, आणि ती ठरली तर मत बदलणे, ही सवय पुढे औषधाच्या जाहिरातीपासून निवडणुकीच्या आश्वासनापर्यंत सगळीकडे लागणार आहे. ती शिकवायला गुरुत्वाकर्षणाइतका स्वस्त, सुरक्षित आणि सर्वत्र उपलब्ध विषय दुसरा नाही. तो केवळ पाठ करून घेणे हे मुलांच्या बुद्धीचे नुकसान आहे, आणि ते थांबवणे या सभागृहातील प्रत्येक शिक्षकाच्या आणि पालकाच्या हाती आहे.